पाचव्या रिळातला शब्द

बोगोता, मंगळवार, ६ जून २०२३

अरिस्तीदेस तिबादुइसा यांस,

हे कामाचं पत्र आहे. आधी 'प्रिय बाबा' लिहिलं आणि कागद फाडला. मग नुसतं 'बाबा' लिहिलं, तोही फाडला. हा तिसरा कागद.

'उपडा पेला' पुन्हा दाखवणार आहेत. पस्तीस वर्षं झाली म्हणून. मी ज्या चित्रपट संग्रहालयात जुन्या आवाजांची दुरुस्ती करते (आई होती तेव्हा तिने तुला सांगितलं असेल) तिथेच त्याची मूळ प्रत साफ करून नवी करणं चाललंय. चित्र छान निघालं. आवाजही निघाला, फक्त पाचव्या रिळाची ध्वनिपट्टी कुजली. डबा उघडला तेव्हा खोलीभर शिरक्याचा आंबट वास सुटला. त्या अकरा मिनिटांतलं बाकी सगळं आम्हाला इथे करता येईल. दार, पावलं, कोंबड्या, पन्हाळीचं पाणी. एकच गोष्ट करता येणार नाही. दार उघडणाऱ्या त्या लहान मुलीला खुनी जो एक शब्द म्हणतो, तो.

खुनी म्हणजे तू. शब्द तुला माहीत आहे. मी तो इथे लिहिणार नाही.

तीस जूनच्या आत आवाजाचं काम संपवायचंय. चौदा जुलैला खेळ आहे. तू आलास तर अर्ध्या तासात मोकळा होशील, दुपारच्या बसने तुन्हाला परत. नाही आलास तर रेडिओवर नकला करणारा एक जण ठरवून ठेवलाय, तो तुझा आवाज हुबेहूब काढतो. देशात बरेच जण काढतात.

मी 'तू' लिहितेय ते चुकून नाही. ज्या घरात बाप लेकीला, बायको नवऱ्याला आणि सगळी मिळून गाईलाही 'तुम्ही' म्हणतात, तिथे 'तू' म्हणजे काय हे आपल्या दोघांनाही कळतं. अकरा वर्षांपूर्वी जे ठरलं तेच चालू ठेवू.

पत्र बसच्या ड्रायव्हरकडे देतेय. उत्तर त्याच्याचकडे दे.

फ्लोर आल्बा


बोगोता, सोमवार, १२ जून

बटाटे पोचले. चिठ्ठीही पोचली, खिळ्यांच्या दुकानाच्या कागदावरची. तुझ्या चार ओळी मी तुलाच परत लिहून दाखवते:

'तुझं पत्र मिळालं. तू कशी आहात? त्या पोरीला मी तसं काही म्हटलं नव्हतं, तेव्हा पुन्हा म्हणायचा प्रश्न येत नाही. पिवळे बटाटे पाठवलेत, सालीसकट उकडा.'

'तू कशी आहात!' वाचून मला हसू फुटलं आणि मग हसल्याचा राग आला. 'तू' म्हण असं मीच बजावलं होतं. तू इमानाने म्हणतोस, पण क्रियापद जुनंच येतं. आपल्या अख्ख्या बोयाका प्रांतात कुणालाच ते नीट जमत नाही.

पण म्हटलं नव्हतं म्हणजे काय? ज्याला विचारावं त्याला आठवतंय. खाली फाटकावरच्या पहारेकऱ्याला, माझ्या दंतवैद्याला. आमचे प्रमुख डॉक्टर उमान्या (डॉक्टर कशाचेच नाहीत, पण बोगोतात टाय लावला की माणूस डॉक्टर) ते तर तुझी नक्कल करून दाखवतात. आणि मला? आठवतंयच. सहावीत माझ्या बाकावर रोज कुणीतरी पेला उपडा घालून ठेवायचं. मागच्या बाकावरून पोरं आवाज हळू करून म्हणायची, 'सुमर्से, दार उघडा.'

लिहिला एकदाचा. सुमर्से.

माझ्याबरोबर आवाजावर काम करतो तो विल्मर किनाऱ्याकडचा, बारांकियाचा. तो म्हणतो, "राणी, ही काय भानगड आहे तुमच्या डोंगरातली? बिशपशी बोलल्यासारखं आणि तान्ह्या बाळाशी बोलल्यासारखं, दोन्ही एकदम?" मी म्हटलं, तेच आहे ते. मुळात 'आपली कृपा', कधीकाळी मालकाला म्हणायचा शब्द. आता मायेने म्हणतात. "आमच्याकडे मायेने शिव्या देतात," तो म्हणाला. "निदान माणूस घाबरत नाही."

तू मला त्या शब्दाने उठवायचास. 'सुमर्से, दूध तापलंय.' रेडिओवर दुपारी बारा वाजता हरवलेल्या गाई आणि मेलेली माणसं वाचून दाखवायचास तोच आवाज, पण सकाळी तो फक्त माझ्यासाठी. आणि तो शब्द, तो आवाज, तू उचलून सिनेमातल्या त्या फोटोवाल्या खुन्याला देऊन टाकलास. कथेच्या कागदात तो नव्हता. तू घातलास. हे मला आईनेच सांगितलं, आणि अभिमानाने सांगितलं.

आज कॉर्पुस क्रिस्तीची सुट्टी. इमारतीत मी एकटी आहे. चार वेळा चहाला उठले आणि चारही वेळा न पिता परत आले. काम होत नाहीये. तू येणार आहेस की नाही ते सरळ कळव.

फ्लोर आल्बा


बोगोता, गुरुवार, १५ जून

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय.

आधी एक कबुली. हा सिनेमा मी कधीच पुरता बघितला नव्हता. अकरा वर्षांची असताना तुन्हाच्या थिएटरात आईने मला तिच्या खांद्यावरच्या रुआनाखाली ओढून घेतलं, लोकर नाकात गेली, कानावर तिचे हात. एकोणिसाव्या वर्षी इथे एका फिल्म क्लबात एकटी गेले आणि तिसऱ्या बाईच्या खुनाच्या वेळी उठून बाहेर आले. पाचवं रीळ मी पाहिलेलंच नाही. हे काल सकाळी, दात घासताना माझ्या लक्षात आलं. आणि तरी मी तुला लिहिलं की मला आठवतंय.

म्हणून काल पहिल्या रिळापासून बसले. भर दिवसा, दिवे लावून, हातात वही. विल्मर शेजारी पेरूची वडी खात.

मी पंचवीस वर्षं हेच काम करतेय, म्हणून लिहिते. तो सिनेमा फार चांगला आहे. मला तो चांगला निघायला नको होता.

पहिल्या बाईच्या दारात तू उभा राहतोस, खांद्याला पेटी, 'सुमर्से, घरातल्या कुणाचा फोटो मोठा करून हवाय?' इतकं साधं की मीही दार उघडलं असतं. ती गुळाचं पाणी उकळायला ठेवते. दुसऱ्या बाईच्या घरी पेला हातात घेताना नुसतं 'देव तुमचं भलं करो, सुमर्से.' तिसऱ्या वेळी कॅमेरा स्वयंपाकघरातून हलतच नाही. चुलीवर दूध चढतंय, रेडिओवर जपमाळ चालू आहे, आणि पलीकडच्या खोलीतून तेवढा एक शब्द येतो. दूध काठाला येतं. आता ते उतू जाणार, कुणीही दिग्दर्शक ते दाखवेल. सालोमोन ब्रिसेन्यो दाखवत नाही. अर्ध्या श्वासात कापतो आणि थेट धुतलेला पेला, ओट्यावर उपडा. विल्मरची वडी हातातच राहिली. त्याला वाटत होतं या सिनेमात खूप रक्त आहे. मलाही वाटत होतं. एक थेंब नाही. मी शोधला.

चौथ्या बाईच्या आधी शेजारीण कोंबड्यांना दाणे टाकताना म्हणते, 'या, सुमर्से, या.' विल्मर खुर्चीतून उडाला. "गेली कोंबडी!" म्हणाला, आणि मग स्वतःलाच हसला. मला हसू आलं नाही, कारण मला तेव्हा कळलं सालोमोनने काय करून ठेवलंय. तासाभरात त्याने आपल्या बोलीतला सगळ्यात मऊ शब्द असा केलाय की ज्याच्या कानावर पडेल तो मेला. एकही सुरा न दाखवता.

आणि तू. पेला धुऊन झाल्यावर तू हात काखेत घालतोस. चारही वेळा. कुठल्याशा समीक्षकाने त्यावर दोन पानं लिहिलीत, खुन्याच्या एकटेपणाबद्दल. ते काही नाही, ते आपल्या अंगणातल्या नळाचं पाणी आहे. पाच अंशांचं. तिथे मी चष्म्याची काच पुसायच्या निमित्ताने बाहेर गेले आणि थोडा वेळ आले नाही.

मग पाचवं रीळ, मुकं. दार उघडतं. समोर एक आठ-नऊ वर्षांची मुलगी, मागे घर रिकामं. तिच्या अंगात माझा शाळेचा स्वेटर आहे. सिनेमावाल्यांनी तो मागून नेला होता हे मी विसरले होते. कोपरावर आईने घातलेलं ठिगळ.

तू तिच्याकडे बघतोस. बघत राहतोस. बेचाळीस सेकंद. मी ते एक एक चौकट करून पुढे नेलं, एक हजार आठ चौकटी. तुझे ओठ एकदाही उघडत नाहीत.

"राणी," विल्मर म्हणाला, "ह्याने तर काही म्हटलंच नाही."

"आवाज नंतर घातला असेल."

"तोंड न उघडता? जत्रेतला बाहुलीवाला आहे का तो?"

मग तू पेटी सावरतोस, वळतोस आणि धुक्यात निघून जातोस. मुलगी दारातच उभी. पुढच्या रिळात ती जिवंत आहे, शाळेत निघालेली.

मी अजून काही म्हणत नाहीये. दोन्या लिग्याला भेटायला जातेय, सालोमोनकडे नोंदी ठेवायची ती. कुठला पेला कुठे होता आणि कुणाचं बटण उघडं होतं ते सगळं तिच्या वहीत असायचं. ती हयात आहे, मी चौकशी केली.

फ्लोर आल्बा


बोगोता, मंगळवार, २० जून

बाबा,

दोन्या लिग्या त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत, ऐकू कमी येतं, वह्या मात्र सगळ्या आहेत. मी नुसतं तुमचं नाव घेतलं आणि त्यांनी कपाट उघडलं. मी नोंद जशीच्या तशी उतरवून घेतली:

'दृश्य ८७. दार, मुलगी. पहिला टेक, अरिस्तीदेस शब्द म्हणत नाही. दुसरा, म्हणत नाही. दिग्दर्शक ओरडले. तिसरा, म्हणत नाही. विचारल्यावर सांगतो, ह्या स्वेटरला मी तो शब्द म्हणणार नाही. स्वेटर बदलू म्हटलं तर म्हणतो, आता बदलून काय, मी बघितलाय. दिग्दर्शक जेवायला न जाता तासभर भिंतीकडे तोंड करून बसले. चौथा टेक, शब्द नाही. मंजूर.'

"आणि नंतर सालोमोन गावभर सांगत फिरला की कल्पना त्याची," दोन्या लिग्या म्हणाल्या. "दिग्दर्शकच तो. पण तासभर भिंतीकडे बघून त्याला कळलं तरी. दुसऱ्याला कळलं नसतं." मग मला जवळ बोलावून म्हणाल्या, "तुम्हीच का ठिगळवाली?"

मी तुम्हाला कसं लिहू कळत नाहीये. मघाशी आपोआप 'तुम्ही' लिहिलं गेलं, ते मी खोडणार नाही.

अकरा वर्षांपूर्वीच्या, आईच्या अंत्यविधीचं मी सगळ्यांना असं सांगते की आमचं भांडण झालं. भांडण नव्हतं. चर्चच्या पायऱ्यांवर तुम्ही माझा हात धरून विचारलंत, "सुमर्से, गारठलात का?" आणि मी सगळ्यांच्या देखत, आत्या, शेजारी, पाद्री, सगळ्यांच्या देखत म्हटलं, "आधीच्या चौघींनाही असंच विचारलं होतंस ना? मला 'तू' म्हण. मला तो शब्द नको." कुणीतरी हसलं. कोण ते मला अजून माहीत नाही. तुम्ही हात सोडलात. मी कामावर बोलावणं आलंय असं सांगून निघाले. बोलावणं नव्हतं. तिकडे तुम्ही नऊ दिवस आईसाठी जप करत होतात आणि मी इथे खोलीत बसून होते, नऊही दिवस.

आता कामाचं. डॉक्टर उमान्यांना वही दाखवली. ते म्हणाले, "फ्लोर आल्बा, जाहिरातीवर तो शब्द छापून झालाय. लोक त्यासाठीच येणार."

"पण तो तिथे नाहीये, डॉक्टर."

"सगळ्या देशाला आठवतोय. अख्खा देश चुकतो का?"

"चुकतो."

"मग आपण देशाला जे आठवतंय ते देऊ. माणसं म्हातारी झाली की त्यांना त्रास देऊ नये."

नकलाकार शुक्रवारी येतोय. तो शब्द तिथे घातला तर ती मुलगी का जगते ते कुणाला कळणार नाही. तुम्ही सगळ्यांना तो म्हटलात आणि एकीला म्हटला नाहीत, एवढ्यावर तो सिनेमा उभा आहे. आणि ते माझ्या हातातून निसटतंय.

मला तुमचा शब्द नको. श्वास हवाय. बेचाळीस सेकंद नुसती शांतता ठेवली तर लोकांना वाटेल यंत्र बिघडलं. तिथे एक माणूस उभा आहे आणि तो गप्प राहतोय, हे ऐकू यायला हवं. विल्मर म्हणतो श्वास कुणाचाही चालतो. मला चालत नाही.

या म्हणायचा मला हक्क नाही, तरी लिहिते. या.

फ्लोर आल्बा


बोगोता, मंगळवार, २७ जून

बाबा,

तुम्ही आत्ता चिया गाठलं असेल. बस गेल्यापासून मी खिडकीशी येते आणि परत बसते. तुम्ही तीन तास इथे होतात आणि मी बोलले ते सगळं माइकबद्दल.

सकाळी फाटकावरून फोन आला, "एक म्हातारे आलेत, नाव सांगत नाहीत, पण बाई, मला घाम फुटलाय." पहारेकऱ्याने तुम्हाला आवाजावरून ओळखलं. तुम्ही त्याला फक्त 'सुप्रभात' म्हणाला होतात. खाली आले तर तुम्ही हॅट हातात घेऊन, दुसऱ्या हातात केळीच्या पानातलं चीज, जणू कुणाच्या बारशाला आलात.

विल्मरने तुमच्याशी हात मिळवला तेव्हाचं मी विसरणार नाही. "अरिस्तीदेससाहेब, तुमच्यामुळे माझ्या आईने दहा वर्षं कुणा विक्रेत्याला दार उघडलं नाही."

"तिची बचत झाली असेल," तुम्ही म्हणालात.

"झाली ना! आमच्याकडे अजून झाडू नाही."

तुम्ही हसलात. तुमचे दात नवे आहेत हे मला माहीत नव्हतं.

रेडिओवाल्यांनी तुम्हाला सिनेमानंतर काढलं ते मला माहीत होतं, पण का, ते आज विल्मरला सांगताना ऐकलं. माणसं फोन करून म्हणायची, आमच्या आईच्या मृत्यूची बातमी त्या आवाजात नको. मग तीस वर्षं खिळे मोजून देणं. "खिळ्यांना आवाज लागत नाही," तुम्ही म्हणालात, सहज. मला नेहमी वाटायचं त्या सिनेमाची झळ एकट्या मला लागली.

पहिल्या टेकला तुमचं पोट वाजलं. "खुनी उपाशी आहे," विल्मर म्हणाला, आणि मग आधी चीज खाल्लं. दुसऱ्या टेकला तुम्ही न सांगता हात काखेत घातलेत. समोर पडद्यावर ती मुलगी होती. मी काचेच्या अलीकडे, आकडे बघत. तिसाव्या सेकंदाला श्वास अडखळला, बारीकसा, बाहेर यायचं विसरल्यासारखा. मी मान वर केली. तुम्ही पडद्याकडे बघत नव्हतात. काचेतून माझ्याकडे बघत होतात.

विल्मरने माझ्याकडे न वळता टेकवर खूण केली. "हाच," म्हणाला. "आता कुणी काही बोलू नका."

बसपाशी तुम्ही म्हणालात, "तू फार वाळल्या आहात." बाबा, ते 'तू' आता सोडा. दुसऱ्याचा बूट घातल्यासारखं वाटतं तुमच्या तोंडून. हे मी तिथेच म्हणायला हवं होतं. तिकीट, गुडघा, चीज कसं ठेवायचं, एवढंच बोलले.

परवा उमान्यांसमोर दोन्ही आवाज वाजणार आहेत. नकलाकाराचा मी ऐकला. इतका तुमच्यासारखा आहे की माझ्या अंगावर काटा आला. मला भीती वाटतेय.

फ्लोर आल्बा


बोगोता, शुक्रवार, ३० जून

बाबा,

घाईत लिहितेय, ड्रायव्हर खाली थांबलाय.

काल उमान्या म्हणाले, "तेवढा तुकडा लावा, दोन्ही ऐकतो." विल्मर म्हणाला, "डॉक्टर, एक विचारू? तुम्ही अख्खा कधी बघितलाय?" उमान्या टाय चाचपायला लागले. बघितला नव्हता! पहिली वीस मिनिटं आणि तो शब्द, बास. मला त्यांच्यावर हसायचं तोंड नव्हतं.

आम्ही त्यांचा फोन काढून घेतला आणि सकाळी दहाला बसवलं. कोंबडीला ते दचकले. पाचव्या रिळाला आधी नकलाकाराचं लावलं. "सुंदर," ते म्हणाले. "हेच तर." मग मी रीळ मागे घेतलं आणि तुमचं लावलं.

त्यांनी टाय सैल केला. पाणी मागितलं. मग म्हणाले, "पहिल्यात मला मजा आली होती." थोड्या वेळाने, "जाहिरातीचं काय करायचं?" आणि जाता जाता दारातून, "लोक बोंब मारतील, फ्लोर आल्बा. तेव्हा मला हाक मारू नका."

आवाजाचं काम आज पक्कं झालं. तुमचा श्वास आत आहे.

चौदा तारखेला याल का? तुमच्यासाठी कडेची खुर्ची ठेवते, मध्येच उठता येईल अशी.

फ्लोर आल्बा


बोगोता, सोमवार, २४ जुलै

बाबा,

तुम्ही आला नाहीत. गुडघा, बटाट्याची काढणी, आणि माणसांमध्ये बसून स्वतःला बघायची लाज, ही तिन्ही कारणं तुमच्या चिठ्ठीत आहेत. तिसरं मला खरं वाटलं. चिठ्ठीत कुठेच 'तू' नव्हतं, 'तुम्ही' होतं, एवढं मी पाहिलं. आणि काही मागत नाही.

खेळाचं सांगते. थिएटर भरलं होतं. आजोबा नातवंडांना घेऊन आले होते. दुधाच्या दृश्याला कुणीतरी 'गॅस बंद करा' म्हणून ओरडलं आणि सगळे हसले, आणि पेला दिसल्यावर ते हसू जिथल्या तिथे थांबलं. मग पाचवं रीळ. दार उघडलं, माझा स्वेटर समोर आला, भिंतीएवढा. तुमचा श्वास सुरू झाला. आणि माझ्या मागे एक बाई हळूच म्हणाली, "सुमर्से."

मग उजवीकडून कुणीतरी. मग पुढच्या रांगेतला एक म्हातारा. जपात पुढचं आपोआप तोंडी यावं तसं, पन्नास-साठ माणसं अंधारात तो शब्द पुटपुटत होती, तुम्ही म्हणायची वाट न बघता. आणि पडद्यावर तुम्ही गप्प. वीस सेकंद, पंचवीस. पुटपुट विरली. तिसाव्या सेकंदाला श्वास अडखळला तेव्हा थिएटरात खुर्चीही वाजत नव्हती. तुम्ही पेटी सावरलीत आणि वळलात. "सोडली तिला," मागची बाई म्हणाली. तिच्या शेजारचा म्हणाला, "अहो, हे असं नव्हतं आधी." ती म्हणाली, "गप्प बसा हो."

त्या 'असं नव्हतं'चं पुढे हे झालं की आत्तापर्यंत त्रेचाळीस तक्रारी आल्या आहेत. पत्रं, फोनवरचे निरोप, एका वर्तमानपत्रात चौकट: दुरुस्तीच्या नावाखाली आपल्या सिनेमातला सर्वांत प्रसिद्ध शब्द गहाळ. सोगामोसोचे एक निवृत्त शिक्षक लिहितात की १९८८ मध्ये त्यांनी तो स्वतःच्या कानांनी ऐकला, बायको साक्षीदार आहे, आणि तो त्यांना परत हवाय. एक बाई लिहिते की माझ्या वडिलांचा तो आवडता क्षण होता, तुम्ही तो चोरलात. उमान्यांनी सगळा गठ्ठा माझ्या टेबलावर आणून ठेवला. "तुमचा देश," म्हणाले, "तुम्हीच उत्तरं द्या."

विल्मर म्हणाला एकच मजकूर छापून सगळ्यांना पाठव. मला ते पटत नाही. मी हाताने लिहितेय, सकाळी दोन, दुपारी दोन. वहीतली नोंद मी उतरवून पाठवत नाही. चौकटींचा हिशेबही नाही. मला स्वतःला तुमचा शब्द पुरला नव्हता, वही लागली. या वेळी मला तुमच्या शब्दाला वहीची साक्ष जोडायची नाही. मी एवढंच लिहिते:

'महोदय, त्यांनी त्या मुलीला तो शब्द म्हटला नव्हता. मलाही म्हटल्यासारखंच आठवत होतं, पस्तीस वर्षं. मी त्यांची मुलगी आहे.'

एकोणीस झाली. चोवीस राहिलीत.

फ्लोर आल्बा